घरतमामांनी पाहिलेली पिसं

घरतमामांनी साफ केलेली वस्तू आमच्या कॉलेजात कुणालाही चटकन ओळखू यायची. पनवेलच्या दमट हवेत पावसाळ्यात भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा बुरशी धरते, पण आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या अशा लख्ख असायच्या की नवीन विद्यार्थी आधी बोट लावून बघायचा, मध्ये काच आहे की नाही म्हणून. एकदा प्राचार्यांच्या टेबलावरचा शाईचा डाग मामांच्या डोळ्यांत खुपला. प्राचार्य जेवायला गेले तेवढ्यात मामांनी तो काढला आणि त्याच्याबरोबर वीतभर पॉलिशही काढलं. प्राचार्यांनी आरडाओरडा केला तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, “पन डाग गेला ना, सर?”

मी तिथे शिकवायला लागले तेव्हा मामांनी चाळिशी ओलांडली होती. पूर्ण नाव धर्मा घरत, हुद्दा प्रयोगशाळा परिचर, पण कॉलेजच्या शिरस्त्याप्रमाणे सगळ्यांचे मामा. बुटके, रुंद खांद्यांचे. खाकी शर्टाच्या खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली आणि तिच्यात शिवणयंत्राच्या सुया. पान नाही, तंबाखू नाही. त्यात व्रतबित काही नव्हतं, दातांवर डाग पडतो एवढंच कारण.

त्यांचं घराणं मिठागरावरचं. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाने आटू द्यायचं आणि तळाला धरलेलं मीठ लांब दांड्याच्या फळीने ओढून घ्यायचं. फळी जरा जड पडली की खालचा चिखल वर येतो आणि पांढऱ्या मिठात तपकिरी रेघ उमटते. “बापूस सांगायचा,” मामा म्हणायचे, “पांडरा त्यो माल, तांबडा त्यो चिखल. हात हलका ठेव न् चिखल वेगला कर.” पुढे मिठागरावर भराव पडला, मामा कॉलेजात लागले, पण हात तोच राहिला. त्या हाताने त्यांनी आम्हाला घुबडाचा, वटवाघळाचा, घोरपडीचा सांगाडा करून दिला. पुतण्याच्या हळदीला सगळं गाव बँडवर नाचत असताना मामा पत्रावळींतून हाडं वेचत बसलेले सापडले. एका कोंबडीचा सांगाडा पुरा करायला डाव्या पायाचं एक हाड कमी पडत होतं. बायकोने, म्हणजे मामींनी, चारचौघांत त्यांची खरडपट्टी काढली. मामांनी हाड मिळाल्यावरच मान वर केली.

तो दगड आला दोन हजार पाच-सहाच्या सुमारास. मामांचा मेहुणा दगडाच्या खाणीवर सुरुंगाची भोकं पाडायचा. तिथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये राखाडी, मऊ दगडाचा हातभर पट्टा लागला होता. पहार घातली की त्याचे पापुद्रे सुटायचे. असाच एक सपाट तुकडा मेहुण्याने आपल्या झोपडीत पाण्याच्या माठाखाली ठेवला होता. मामा तिथे जेवायला गेले, माठ हलवला, आणि जेवण तसंच टाकून तो दगड मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून थेट माझ्याकडे घेऊन आले. रविवार होता. मी घरात केसांना तेल लावून बसले होते.

“म्याडम, मेवना बोलतो कोंबडी हाय. कोंबडी नाय. कोंबडीला शेपटीत एवरी हाडा नसतात.”

खरंच नव्हती कोंबडी. कबुतराएवढा कुठलासा जीव एका कुशीवर पडलेला. अर्धा दगडात, अर्धा बाहेर. हाताला तीन लांब बोटं आणि त्यांना नखं. माझं शिक्षण बेडूक आणि झुरळाच्या पुढे फारसं गेलेलं नव्हतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. मी दोन-तीन संस्थांना पत्रं लिहिली. उत्तर कुणाचंच आलं नाही. मग मामांनी विचारलं, “तवर साफ करू?” मी म्हटलं, “करा.”

हा शब्द माझा. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

पुढचे सहा महिने मामा प्रॅक्टिकलं आटोपली की खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकाखाली तो दगड घेऊन बसत. सुईच्या टोकाने एकेक कण उचलायचा, फुंकर मारायची, पुन्हा एक कण. हाडावर कधी सुईचा ओरखडा उठू दिला नाही. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. हाताच्या हाडाच्या कडेला तपकिरी छटा होती, बारीक रेघांची, केसांतून फणी फिरवल्यासारखी.

“ह्यो डाग हाडाचा का दगडाचा?”

माझ्यासमोर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. मी डोळा लावला, न लावला आणि म्हटलं, “लोखंडाचा गंज असेल.” मामांना तेवढं पुरलं. गंज म्हणजे चिखल. पांढरा तो माल.

काम संपलं तेव्हा करड्या दगडावर तो जीव असा पांढराशुभ्र उठून दिसत होता की प्राचार्यांनी सगळ्या स्टाफला बोलावून फोटो काढून घेतला. मामा मागच्या रांगेत उभे होते. नंतर मला हळूच म्हणाले, “बापूस असता तर बगून खूस झाला असता.” एवढं स्वतःचं कौतुक मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलेलं नव्हतं.

दीड वर्षाने, माझं एक पत्र फिरत फिरत हाती पडलं म्हणून, पुण्याहून एक डॉक्टर आले. जीवाश्मांचे जाणकार, बाहेरच्या देशांत काम केलेले, बोलायला अगदी साधे. त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि पाऊण तास कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. मामा चहा घेऊन उभे. चहा गार झाला, मामांनी दुसरा आणला, तोही गार झाला. शेवटी डॉक्टरांनी मान वर केली.

“काम कुणी केलंय?”

“मी, साहेब.”

“असा हात मी कुठेच पाहिला नाही,” डॉक्टर म्हणाले. मामा नव्या नवऱ्यासारखे लाजले. मग डॉक्टरांनी विचारलं, “हाताच्या हाडाभोवती काही रंग होता का? तपकिरी, काळसर असा?”

“व्हता ना!” मामांचा चेहरा फुलला. “लई घान व्हती, साहेब. रेगाच रेगा. एकेक करून सगली काडली. तेलाच तर सा महिने लागले.”

डॉक्टर स्टुलावर बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. त्यांनी मामांना समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं, की हा पिसं असलेला डायनासोर असावा. परदेशात असे सापडलेत, आपल्याकडे सापडल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. हाडं टिकतात तशी पिसं दगडात टिकत नाहीत. टिकलीच तर रंगाची एक पुसट सावली म्हणून टिकतात, कागदाहून पातळ.

“म्हंजे त्या रेगा...” मामा म्हणाले.

“हो.”

“ती पिसा व्हती?”

“असणार. आता सांगता येणार नाही. आधीचा एखादा फोटो आहे का?”

नव्हता. विभागाच्या कॅमेऱ्यात रोल भरायचा माझ्याकडून राहून गेला होता, आज-उद्या करत. मी तसं सांगितलं. गंजाचं मात्र सांगितलं नाही. वाटलं, मामा सांगतील. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मनाच कलला नाय,” एवढंच म्हणाले आणि चहाचे कप उचलून मोरीवर गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी बरण्या पुसल्या गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. महिन्याभरात आमची प्रयोगशाळा चारचौघींसारखी झाली. फळ्यावरची कुणाची आकृती पुसायची असली तरी मामा आधी फळ्यासमोर उभे राहायचे, डावीकडून उजवीकडे सगळी नजरेखाली घालायचे. विद्यार्थी हसायचे. “आदी बगा, मंग पुसा,” मामा त्यांना सांगायचे आणि पोरं आपसात त्याची नक्कल करायची. घरीही तेच. मामी एकदा बाजारात भेटल्या तर रडकुंडीला आलेल्या. “बाय, भिंतीला पोरांनी हात पुसलेत तं पोतेरा मारू देत नाय. बोलतो, राहू दे. डोका फिरलाय का काय त्याचा?”

मग त्यांनी दगडाचा जोडीदार शोधायला घेतला. पापुद्रा सुटतो तेव्हा त्याचे दोन भाग होतात आणि ठसा कधी कधी दोन्हीकडे राहतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेहुण्याला पहार घातल्याचं आठवत होतं. अर्धा तुकडा माठाखाली, उरलेला ढिगावर. मामा दर रविवारी खाणीवर जायला लागले. तो पट्टा केव्हाच उडवून झाला होता. ढीग गाड्यांत भरून गेला होता. मामांनी गाड्यांचे ड्रायव्हर गाठले. एकाला आठवलं, की त्या महिन्यात सगळा माल खारघरला, बेलपाड्याच्या बाजूला, एका इमारतीच्या भरावात पडला. मामा तिथेही गेले. सात मजली इमारत उभी होती, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते.

“वॉचमन इचारतो, कोनाला भेटायचाय?” मामा मला सांगत होते. “काय सांगू? मना वाटता, ती त्यांच्या गाड्यांखाली हाय. चार वेला जाऊन आलो. नुसता उबा राहून आलो.”

मी म्हटलं, “मामा, आता सोडा.” तरी ते पाचव्यांदा गेल्याचं मला मामींकडून कळलं.

पुढे डॉक्टरांचं पत्र आलं. एक वाट उरली आहे, त्यांनी लिहिलं होतं. जीव कुशीवर पडलाय, म्हणजे दुसरा हात अंगाखाली आहे. पुढच्या बाजूवर प्लास्टरची गादी ओतून दगड उपडा करायचा आणि मागून झिजवत झिजवत खालच्या हातापर्यंत जायचं. त्या हाताची पिसं कुणी पाहिलेली नाहीत, म्हणून कुणी पुसलेलीही नाहीत. पत्राच्या शेवटी होतं: हे काम घरत यांनीच करावं, माझ्याकडे त्यांच्यासारखा हात नाही.

मी ते मामांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी हात मागे घेतले. “नाय, म्याडम. माजा हात चोर हाय. दिसला की काडतो. तेला ठावंच नाय दुसरा काय.”

दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले आणि दोन वर्षं त्यांनी दगडाच्या कपाटाकडे पाठ करून काम केलं. निवृत्ती जवळ येत चालली. त्यात साखरेचं निघालं, आणि साखर डोळ्यांत उतरली. तपासणाऱ्या डॉक्टरने सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखा. त्यानंतरच्या सोमवारी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“म्याडम, आता करूया.”

“आता? अहो, तुम्हाला धड दिसत नाही म्हणता ना?”

“तेच तं. आता मना डाग दिसत नाय. दिसलाच नाय तं हात पुसल कसा? तुमी बगा, मी झिजवतो. रंग आला की थांब बोला.”

माणूस किती खोल गेला म्हणजे त्याला आपलं आंधळेपण सोयीचं वाटायला लागतं? मी कपाटाची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

आठ महिने आम्ही दोघं त्या खिडकीपाशी बसलो. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला, मामांचा चेहरा वर, नजर कुठेच नाही आणि सुई दगडावर. दहा वेळा सुई फिरली की ते थांबत.

“रंग?”

“नाही.”

पुन्हा दहा वेळा. “रंग?” “नाही.” दिवसाकाठी हे किती वेळा व्हायचं ते मी कधी मोजलं नाही, पण घरी भाजी चिरतानासुद्धा मला ते “रंग?” ऐकू यायचं. एकदा मी जोरात ओरडले, “थांबा!” मामांनी सुई अशी वर उचलली की ती हातातून निसटून पडली. मी पुन्हा डोळा लावला, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. माझ्या पापणीची सावली होती. तसं सांगितल्यावर मामा म्हणाले, “असू दे. चांगला बगता तुमी.” पण त्या दिवशी त्यांच्याने पुढे काम झालं नाही. सुईचा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

निवृत्तीला दीड महिना उरला असताना सुईचा आवाज बदलला. आधी मामांना कळलं.

“हाड लागला.”

मी पाहिलं. खालच्या हाताचं हाड होतं, अंगाशी मुडपलेलं, तीन बोटांसकट. सगळं जागच्या जागी. त्याच्या भोवती राखाडी दगड. मी सगळीकडून पाहिलं, दिवा तिरका करून पाहिलं, पाण्याचा थेंब टाकून पाहिलं.

“रंग?”

मी दिवा आणखी जवळ ओढला.

“सांगा, म्याडम.”

“नाही, मामा. स्वच्छ आहे.”

आयुष्यभर ज्या शब्दासाठी ते जगले तो शब्द मी त्यांना असा दिला. मामांनी सुई बाटलीत घातली, बाटलीला बूच लावलं. मग म्हणाले, “तुमी परत एकदा बगता?” मी परत एकदा पाहिलं. त्या दुपारी मी अकरा वेळा पाहिलं. डॉक्टर नंतर स्वतः येऊन गेले. एका थरावर ठसा उरतो, दुसऱ्यावर नाही, असं होतं कधी कधी, ते म्हणाले. पिसांच्या पुराव्याशिवाय त्याला पिसांचा प्राणी म्हणता येणार नव्हतं. त्यांनी जाताना मामांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मामांनी ते हळूच सोडवून घेतले.

निरोपसमारंभात शाल, नारळ आणि प्राचार्यांचं भाषण. प्राचार्य नवे होते, त्यांना कुणीतरी टिपण लिहून दिलं होतं. “घरतमामा म्हणजे स्वच्छतेचा ध्यास!” टाळ्या पडल्या. मी मामांकडे बघायचं टाळलं. त्यांचं सगळं लक्ष शालीचा दोरा उसवण्यात होतं.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी मामींचा फोन आला. “बाय, तुमाला बोलावलाय. कागुद-पेन घिऊन या बोलतो.” मी रिक्षाने त्यांच्या गावी गेले. खाडीकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भरावाचे डोंगर उभे राहिले होते. मामा ओटीवर खुर्चीत बसले होते, खूप वाळलेले. माझा आवाज आला तिकडे त्यांनी मान वळवली. डोळे उघडे होते, पण ते माझ्यावर आले नाहीत.

“आता काय पन दिसत नाय,” ते म्हणाले. “पन तेवरा दिसतंय. लिवा.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. दगडातल्या जिवाच्या वरच्या, डाव्या हाताला एकवीस रेघा होत्या. मनगटाजवळच्या आखूड, कोपराकडे जाताना वाढत गेलेल्या, सातवी सगळ्यात लांब, पुढे पुन्हा आखूड. प्रत्येकीच्या मधोमध एक गडद धागा, त्याच्या दोन्ही अंगांना फिके केस. अकरावी मोडलेली होती, तिचं टोक बारावीवर पडलं होतं. शेपटीला दोन्ही बाजूंनी होत्या, त्या मोजायच्या आधीच तीन-चार निघून गेल्या, म्हणून आकडा सांगत नाही. कुठली कुठल्या दिवशी काढली, कुठली चिवट होती, कुठली नुसत्या फुंकरीने गेली. बोलताना एकदाही अडले नाहीत. जगात ही पिसं पाहिलेला हा एकच माणूस होता. एकेक काढून टाकताना पाहिली, म्हणून इतकी बारकाईने पाहिली. मी लिहीत होते आणि पानावरची अक्षरं मला नीट दिसत नव्हती.

“खाली लिवा,” मामा म्हणाले, “ह्या मी, धर्मा घरतानं, डोल्यांनी बगला, न् मीच पुसला.”

मी पेन थांबवलं. इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं. “मामा, गंज आहे असं मी म्हटलं होतं. तेही लिहिते.”

“नको.”

“का नको? खरं आहे ते.”

“तुमी बोलल्या. पुसला मी.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तेवरा तरी माजा राहू दे, म्याडम.”

मी त्यांचं बोट कागदावर जागा दाखवून टेकवलं आणि त्यांनी सही केली. थोडी तिरकी, पण पूर्ण नावाची.

“दगडासंगती ठेवाल?”

“त्याच पेटीत ठेवते.”

“डॉक्टर सायब वाचतील?”

“वाचतील.”

“इस्वास ठेवतील?”

हो म्हणणं फार सोपं होतं. पण आठ महिने या माणसाने माझ्या होय-नाहीवर सुई चालवली होती. मी म्हटलं, “नाही, मामा. मनातून खरं वाटेल त्यांना. पण धरता येणार नाही. ज्याने पुसलं त्याचीच साक्ष, दुसरं काहीच नाही.”

मामांनी मान हलवली. “बराबर हाय. तेंच्या जागी मी असतो तं मी पन नसता ठेवला.”

मामींनी चहा आणला, तो आम्ही प्यायलो. निघताना मामा मामींच्या खांद्यावर हात ठेवून फाटकापर्यंत आले. मी रिक्षात बसले, रिक्षावाल्याने गाडी सुरू केली, तेवढ्यात मामा काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला लावलं आणि विचारलं, “काय म्हणालात, मामा?”

ते भलतीकडेच तोंड करून उभे होते, रस्त्याच्या रिकाम्या बाजूला.

“व्हती, म्याडम,” मामा म्हणाले. “पिसा व्हती.”